मांडलेला संसार कोणाचा?

दिवाळी अंकातील समीक्षेच्या पानांवर कादंबरी येते, कवितासंग्रह येतो, क्वचित एखादे नाटक येते. संगणकावरच्या खेळाने तिथे पाऊल टाकलेले काही वाचकांना खटकेल. परंतु ज्या खेळांविषयी मी लिहीत आहे त्यांत गोळ्या सुटत नाहीत की मोटारी उलटत नाहीत. त्यांत माणसे सकाळी उठतात, आंघोळ करतात, नोकरीला जातात, घर सजवतात, प्रेमात पडतात, भांडतात आणि म्हातारी होतात. आपण त्यांना 'संसारखेळ' म्हणू. मुलांनी ते खेळावेत की नाही, किती वेळ खेळावेत, याची चर्चा पालकसभांतून भरपूर होते, ती इथे करायची नाही. माझा प्रश्न वाङ्मयाचा आहे. अशा खेळातून जी गोष्ट निपजते, तिचा लेखक कोण?

हा प्रश्न माझ्यापुढे मुख्याध्यापक म्हणून आला. आमच्या शाळेत दरवर्षी मराठीचे एक हस्तलिखित निघते. बडोद्यासारख्या गावात मराठी घेऊन शिकणारी मुले आता थोडीच उरली आहेत, त्यामुळे हस्तलिखिताची पाने भरणे हेच मोठे काम असते. नववीतल्या एका मुलीने त्यासाठी सहा पानांची कथा दिली. एक आजी मोठ्या घरात एकटी राहते. मुलगा परदेशी गेला आहे. तो येणार असे कळते, आजी स्वयंपाकाला लागते, आणि स्वयंपाकघरात आग लागते. शेजारीण धावत येते. आग विझते. मुलगा येत नाही. कथेखाली मुलीने प्रामाणिकपणे लिहिले होते, "ही गोष्ट 'द सिम्स' या खेळात घडली." संपादन करणाऱ्या शिक्षकांनी ती बाजूला ठेवली. त्यांचे म्हणणे असे की माणसे संगणकाने दिली, घर संगणकाने दिले, आगही संगणकानेच लावली. मुलीने फक्त घडले ते उतरवून काढले, आणि याला स्वतंत्र लेखन कसे म्हणायचे? त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. निर्णय मला द्यायचा होता, म्हणून मी तो खेळ समजून घेतला आणि मग ती कथा पुन्हा वाचली.

प्रथम खेळाविषयी. 'द सिम्स' हा खेळ अमेरिकेत २००० सालच्या फेब्रुवारीत आला. त्याचा कर्ता विल राइट. १९९१ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या डोंगरउतारावर जो वणवा पेटला त्यात त्याचे घर जळाले. संसार पुन्हा शून्यातून उभा करताना माणसाला खरोखर कोणत्या वस्तू लागतात, हा विचार त्याच्या मनात घोळू लागला. आरंभी त्याला घरे बांधण्याचा खेळ करायचा होता. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाच्या विचारांचा त्यावर प्रभाव होता. घरात माणसे ठेवायची ती एवढ्यासाठीच की घर राहण्याजोगे झाले की नाही हे त्यांच्याकडून कळावे. पुढे घर मागे पडले आणि माणसेच खेळाचा विषय झाली. खुद्द कर्त्याने त्याला बाहुलीघराची उपमा दिली. आपल्याकडे यासाठी त्याहून जुना आणि नेमका शब्द आहे, भातुकली.

मात्र भातुकलीत आणि या खेळात एक फरक आहे, आणि समीक्षेची सुरुवात तिथून व्हायला हवी. भातुकलीतली पितळी शेगडी स्वतः काही बोलत नाही. या खेळातली बोलते. खेळाची आतली रचना अशी की शहाणपण माणसात फार थोडे आणि वस्तूत पुष्कळ भरलेले आहे. माणसाला भूक, झोप, स्वच्छता, करमणूक, सोबत अशा मोजक्या गरजा दिल्या आहेत. त्या दर घटकेला उतरत जातात. घरातली प्रत्येक वस्तू आपण कोणती गरज किती भागवू शकतो याची जाहिरात सतत करत असते. फ्रिज म्हणतो, मी भूक भागवीन. पलंग म्हणतो, मी शीण घालवीन. जो आवाज त्या क्षणी सर्वांत मोठा, त्याच्याकडे ते पात्र चालू लागते. महाग पलंग शीण अधिक लवकर घालवतो. म्हणजे नोकरी करा, पैसे मिळवा, अधिक चांगली वस्तू आणा, ही वाट खेळाच्या पोटातच आखलेली आहे. राइटला बाजारू जगाची थट्टा करायची होती असे म्हणतात, आणि खेळात ती थट्टा दिसतेही. पण थट्टा म्हणून विकत घेतलेला सोफाही सोफाच असतो. या खेळाच्या चौथ्या आवृत्तीचा मूळ भाग २०२२ च्या ऑक्टोबरपासून फुकट मिळतो, वाढीव सामान मात्र पैसे मोजून घ्यावे लागते. २०२१ साली मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून स्फुरलेला एक संच त्यात आला. आपला मुलूख त्या जगात शिरला तो कपड्यांचा गठ्ठा होऊन.

तेव्हा जी मुले वस्तूंच्या हाका ऐकत घर भरत जातात, त्यांना लेखक म्हणता येणार नाही. ती गिऱ्हाइके आहेत. शिक्षकांचा आक्षेप या मुलांना पूर्ण लागू पडतो.

आता त्या मुलीच्या कथेतली आग पाहू. ज्या पात्राला स्वयंपाक येत नाही त्याच्या हातून या खेळात चूल पेटते. हा नियम आहे. नव्याने घडवलेले पात्र तरुण असो की वृद्ध, साधारणतः कौशल्याच्या शून्य पायरीवरच जन्माला येते. यंत्राच्या लेखी सत्तर वर्षांची आजी आणि वीस वर्षांचा पोरगा, दोघांनी आयुष्यात कधी भाकरी थापलेली नसते. खेळातली ही एक पोकळ जागा आहे. बहुतेक मुले ती पाहून हसतात आणि पुढे जातात. या मुलीला मात्र प्रश्न पडला की सत्तर वर्षांच्या बाईच्या हातून कुकर कसा करपेल? उत्तर खेळात नव्हते, ते तिने शोधले. तिच्या कथेत आजी जन्मभर चाळीस माणसांचे रांधत आली आहे, पण हल्ली तिला विसर पडू लागला आहे. गॅस लावून ती दारापाशी जाते, पोस्टमनची वाट पाहते, आणि गॅस लावल्याचे विसरते. आपल्याला विसर पडतो हे तिला ठाऊक आहे. मुलाला कळू नये एवढीच तिची धडपड आहे. मुलगा परदेशी गेला हेही खेळाने सांगितलेले नाही. खेळात तिने फक्त एक पात्र त्या घराच्या यादीतून काढून टाकले. त्या खोडलेल्या ओळीला 'कॅनडा' हे नाव तिने दिले. बडोद्यातल्या कोणत्या गल्लीत हे नाव ऐकू येत नाही?

आग यंत्राची, हे खरे. तिचे कारण मुलीचे. वाङ्मयात घटनेपेक्षा कारण मोठे असते, असे आपण वर्गात शिकवत आलो आहोत. राजा मेला आणि राणी मेली ही बातमी झाली. राणी कशाने मेली हे सांगू लागलात की कथा सुरू होते.

असाच एक दाखला परदेशातला आहे. २००९ साली या खेळाची तिसरी आवृत्ती आली तेव्हा इंग्लंडमध्ये खेळरचना शिकणाऱ्या रॉबिन बर्किनशॉ यांनी ॲलिस आणि केव्ह नावाचे लेक-बाप घडवले आणि त्यांना घर न देता उघड्यावर दोन बाकांवर ठेवले. बाप तुसडा, पोर मायाळू. मग जे घडले त्याची चित्रे आणि मजकूर त्यांनी क्रमाने प्रसिद्ध केला आणि तो जगभर वाचला गेला. त्यात एक प्रसंग असा की ॲलिसला कामाचे पैसे मिळतात आणि तिच्या मनात ते दान करण्याची इच्छा उमटते. ती इच्छा यंत्राने आपल्या यादीतून उचलली होती. पण जिला झोपायला छप्पर नाही तिने दान करावे, या गोष्टीपाशी थांबून ती पूर्ण होऊ देणे, आणि वाचकालाही तिथे थांबवणे, हे बर्किनशॉ यांचे काम. लेखक असण्याची खूण मला तिथे दिसते.

जीवनाचा खेळ करणे ही परदेशी कल्पना आहे असेही कोणी समजू नये. परंपरेने ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडला तो मोक्षपट, किंवा गुजरात-राजस्थानात जैनांत चालत आलेली ज्ञानचौपड, हे संसाराचेच पट. घराघरांवर सद्गुण-दुर्गुणांची नावे, शिडीने वर जायचे, सापाने खाली यायचे. पण तिथे खेळणाऱ्याला निवड नाही. कवड्या पडतील तसे चालायचे. त्या पटाची शिकवण त्या निवड नसण्यातच आहे, आणि त्याचा कर्ता पट आखणाराच. आजच्या काळातही असे खेळ होतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी' हा २०२० साली आलेला खेळ घ्या. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा देखणी आहे, परंतु ती करणाऱ्यांनी आधीच रचून ठेवली आहे. खेळणारा तिथे नट असतो, उत्तम नटही असू शकतो, मात्र संहिता त्याची नसते. संसारखेळात संहिता नाही. तिथे रंगमंच आहे, सामान आहे, आणि एक आडमुठा सहकारी आहे, तो म्हणजे यंत्र. ते मधूनच आग लावते, मधूनच दानाची इच्छा पाठवते. त्याच्याशी जमवून घेत गोष्ट पुढे न्यायची.

आपल्या परंपरेत याच्या सर्वांत जवळ येते ती जात्यावरची ओवी. ओवीचा साचा बाईने घडवलेला नसतो; तो आईकडून, सासूकडून आलेला असतो. पहिल्या चरणाची ठेवण ठरलेली, जात्याची घरघर ठरलेली, उपमाही पुष्कळदा ठरलेल्या. त्यात ती आपल्या भावाचे नाव घालते, आपल्या माहेरची वाट घालते, आणि एखाद्या शब्दाने सगळा अर्थ आपल्याकडे वळवून घेते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या जमवल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रयत्नांतून लाखाच्या घरात ओव्या नोंदल्या गेल्या. साचा उसना म्हणून त्या बायकांना कोणी नकलाकार म्हटले नाही. पण त्यांना कवयित्री म्हणायलाही आपण फार उशीर केला, हे विसरता येत नाही. सामान दुसऱ्याचे आहे एवढ्यावरून कर्तेपण नाकारण्याची आपली सवय जुनी आहे आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बायका-मुलांवरच चालवली जाते.

बडोद्यात राहणाऱ्याला हा विचार आणखी एका वाटेने सुचतो. इथल्या ललितकला विद्याशाखेच्या मेळ्यासाठी के. जी. सुब्रह्मण्यन यांच्यासारख्या थोर चित्रकाराने लाकडी मण्यांची आणि चामड्याची खेळणी केली. खेळणे करणाऱ्याला कलावंत मानण्यात या शहराला कधी अडचण वाटली नाही. मग त्याच्याशी खेळणाऱ्याचा विचार करायला आपण का कचरतो?

आता भाषेचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'द सिम्स'मधली माणसे कोणतीही खरी भाषा बोलत नाहीत. कर्त्याने काही खऱ्या भाषांचा विचार करून पाहिला, पण तीच ती ध्वनिमुद्रित वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकून कान विटतात. शेवटी नटांकडून उत्स्फूर्त अशी अर्थहीन बडबड करून घेतली गेली. तिला 'सिम्लिश' म्हणतात. सूर राग-लोभाचा, शब्द मात्र कशाचेच नाहीत. यामुळे एक विलक्षण गोष्ट झाली. जगातल्या प्रत्येक मुलाला त्या पात्रांच्या तोंडी आपली भाषा घालणे शक्य झाले. विकत मिळणाऱ्या करमणुकीत इतकी मोकळी जागा क्वचितच सापडते.

त्या मोकळ्या जागेत आमच्या मुलीने काय घातले? तिची आजी मराठी बोलते. धावत आलेली शेजारीण म्हणते, "माजी, गॅस बंध करी दो!" आजी उत्तर देते, "केला गं, कधीचाच केला." आजी खोटे बोलते आहे हे शेजारणीला कळते, आणि ती गुपचूप जाऊन गॅस बंद करते. दोघी आपापल्या भाषेत बोलतात, आणि दोघींना सगळे समजते. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात हे संवाद रोज चालतात. बेळगावात, निपाणीत, भालकीत शेजारणीची भाषा कानडी असेल, एवढाच फरक. आपल्या दुभाषी जिल्ह्यांचे हे जगणे मराठी कथेत फारसे उतरत नाही. एका चौदा वर्षांच्या मुलीने ते उतरवले, तेही अशा खेळाच्या आधाराने ज्यात ना मराठी आहे ना गुजराती. खेळात तुळशीवृंदावनही नव्हते. तिने चौथऱ्यावर एक कुंडी ठेवली आणि कथेत तिला तुळस म्हटले. मातीच्या दिवाळी किल्ल्यावर बाजारातून आणलेला मावळा उभा करून त्याला आपण तानाजी म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

उलट बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न राहता भलामण होईल. या खेळांची जगे जितकी मोकळी दिसतात तितकी नसतात. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ एरिक बरोन या एकट्या माणसाने सुमारे साडेचार वर्षे खपून केला आणि तो २०१६ साली आला. त्यातला गावगाडा मनाला भुरळ घालतो. पण त्या शेतीत वर्षाचे चार ऋतू, प्रत्येक अठ्ठावीस दिवसांचा. पावसाने दगा दिल्याचे दुःख नाही, सावकार नाही. पेटीत माल टाकला की रात्रीतून ठरल्या भावाने पैसे हजर. आमच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या मागितलेला हमीभाव तिथे न मागता मिळतो! ज्या घरात कर्जाची चर्चा चालते तिथला मुलगा हा खेळ खेळतो तेव्हा त्याच्या माहितीतली शेती त्या खेळाच्या चौकटीत बसत नाही. ती त्याला बाहेरून, शब्दांतच आणावी लागेल.

कर्तेपणाला कायद्याचीही कड आहे. खेळात काढलेली चित्रे, केलेले कपडे, बांधलेली घरे या सर्वांवर कंपनीच्या अटी लागू असतात. खेळाडूंनी केलेले जादा सामान कायमचे पैशाच्या कुलपात ठेवू नये, असे 'द सिम्स'च्या कंपनीने २०२२ साली बजावले. 'ॲनिमल क्रॉसिंग' या बेटावरच्या खेळाची नवी आवृत्ती २० मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या तोंडावर आली. त्यात रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदासारखा बत्तीस गुणिले बत्तीस चौकटींचा एक फलक मिळतो. त्यावर हवे ते रेखाटता येते. हाँगकाँगच्या जोशुआ वाँग या तरुण कार्यकर्त्याने त्या बेटावर स्वातंत्र्याचा फलक लावला. एप्रिल २०२० मध्ये चीनमधल्या ऑनलाइन दुकानांतून तो खेळ दिसेनासा झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात संस्थांनी खेळात राजकारण आणू नये अशी सूचना कंपनीने काढली. बाहुल्यांच्या बेटावर लिहिलेल्या चार अक्षरांना सत्ता भिते, तेव्हा त्या अक्षरांना लेखन म्हणायला समीक्षकाची हरकत नसावी. पण ज्या पाटीवर ती लिहिली ती पाटी दुसऱ्याच्या मालकीची आहे, हेही त्याच प्रसंगाने दिसते.

म्हणूनच त्या मुलीने खेळ बंद करून सहा पाने हाताने लिहिली, याला मी फार महत्त्व देतो. पडद्यावरचे घर कंपनीच्या अटींवर उभे आहे. उद्या खेळाची नवी आवृत्ती आली की ते कदाचित उघडणारही नाही. कागदावरची आजी मात्र तिची आहे. खेळ बाजूला काढल्यावर गोष्ट उरते का, ही माझी कसोटी. मांडामांड सुंदर असूनही उरत नसेल तर ते कसब झाले, त्याचे कौतुक करावे. उरत असेल तर तिचा कर्ता खेळणारा, आणि खेळाचे ऋण तळटीपेत मान्य करावे, जसे त्या मुलीने आपणहून केले होते. या कसोटीवर मी ती कथा हस्तलिखितात घेतली, तिच्या नावाने. शिक्षकांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि "बंध करी दो" हे गुजराती म्हणूनच ठेवले, याबद्दल त्यांचे मला कौतुक वाटते.

कथेत दोष आहेत. शेवट घाईने उरकला आहे. मुलगा का आला नाही याचे कारण ती देत नाही. आगीचे कारण शोधणाऱ्या लेखिकेने याही कारणामागे जायला हवे होते. कदाचित ते तिला अजून ठाऊक नसेल, कदाचित ठाऊक असून लिहवत नसेल. हा दोष मी तिला सांगितला आहे, कारण लेखक मानल्यावर लेखकासारखेच वागवले पाहिजे.

आपल्या भागांतील घरांत मराठी टिकवण्यासाठी आपण श्लोक पाठ करून घेतो, शुद्धलेखन घालतो, आजोळी पाठवतो. हे सारे चालू राहावे. पण मुलाला स्वतःचे असे काही सांगायचे असेल तरच त्याला भाषेची गरज पडते. त्या पडद्यामागे कित्येक मुलांच्या मनात अशा गोष्टी साचलेल्या असतील, आणि तिथे भाषेची जागा रिकामी ठेवलेली आहे. "बंद कर तो खेळ" असे म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून विचारावे, "ही कोण? हिच्या घरात काय चाललंय? ती अशी का वागली?" उत्तर अर्धे गुजरातीत वा कानडीत आले तरी ऐकून घ्यावे. मग म्हणावे, "लिहून दे."

आणि या अंकाच्या संपादकांना एक विनंती. पुढच्या दिवाळीला चार पाने अशा लिखाणासाठी राखून ठेवावीत. निवडीचे काम करायला मी तयार आहे.